मेलेली माकडं, एक इवलीशी गोचीड आणि पुण्याची लॅब

आजच्या भागात मेलेली माकडं आहेत, उंदरांची पिल्लं आहेत, रक्ताचे नमुने आहेत. जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, हा भाग कुठे पळून जात नाही.

साथ म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. एक माणूस खोकला, दोघांना लागण झाली, दोघांची चार, चारांची आठ. मास्क, अंतर, क्वारंटाइन. 2020 ने हे गणित आपल्याकडून चांगलंच घोटून घेतलंय. पण विषाणूंच्या सगळ्याच साथी अशा पसरत नाहीत. आज ज्या साथीची गोष्ट सांगणार आहे, तिच्यात एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला रोग होतच नाही. तरीही गावंच्या गावं तापाने फणफणली. मग रोग पसरत कसा होता? हे शोधायला पुण्याहून एक टीम गेली आणि त्यांना जंगलातल्या जमिनीवर अक्षरशः कापड फिरवत बसावं लागलं. हा रोग आज आपल्या सिंधुदुर्गात आहे, गोव्यात आहे. आपण त्याला माकडताप म्हणतो.

चला, 1957 मध्ये जाऊ. मार्च महिना. जागा शिमोगा जिल्हा. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर, कर्नाटक हे नाव यायला अजून सोळा वर्षं होती. सागर आणि सोरब हे तालुके म्हणजे पश्चिम घाटाचा पूर्वेकडचा उतार. सुपारीच्या बागा, भातखाचरं आणि मध्ये मध्ये दाट जंगल. इथे लोकांना अचानक थंडी वाजून सणसणीत ताप यायला लागला. कपाळ फुटेल असं डोकं दुखायचं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघायच्या, डोळे लालबुंद व्हायचे. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त यायचं. सुरुवातीला वाटलं, टायफॉइड असेल.

पण गावकऱ्यांनी एक गोष्ट आधीच हेरली होती. जंगलात माकडं मरत होती. एखाददुसरं नाही, बरीच. वानरं, म्हणजे काळ्या तोंडाची, आणि लाल तोंडाची माकडंही. आणि ज्या बाजूच्या जंगलात माकडं मरायची, त्या बाजूला गेलेली माणसं काही दिवसांत आजारी पडायची. तिथल्या लोकांनी या रोगाला कन्नडमध्ये नाव दिलं ‘मंगन कायिले’, माकडाचा आजार. हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात अर्धं निदान आहे. सूक्ष्मदर्शक नाही, लॅब नाही, नुसतं आजूबाजूला नीट बघणं. साथरोगाच्या अभ्यासाची पहिली पायरी हीच असते: कोण आजारी पडतंय, कुठे, कधी आणि त्याच वेळी आसपास वेगळं काय घडतंय.

माकडं मरतायत ही बातमी पुण्याला पोचली आणि तिथे सगळे ताडकन उठून बसले. पुण्यातच का? कारण 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं होतं. हीच आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. कोरोनाच्या काळात रोज बातम्यांत हे नाव यायचं, आठवतंय ना? तीच. 1957 मध्ये तिचे संचालक होते टेलफर्ड वर्क नावाचे अमेरिकन डॉक्टर. त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे प्राणिशास्त्रज्ञ, ज्यांनी आधी पनामात काम केलं होतं.

आता पनामा का महत्त्वाचं, ते सांगतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात माकडं मरायला लागली की तिथल्या शास्त्रज्ञांच्या मनात पहिला शब्द येतो तो पीतज्वर, यलो फीव्हर. तिथे मेलेलं माकड म्हणजे धोक्याची घंटा. आणि भारतात पीतज्वर कधीच आलेला नव्हता. आजवरही आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, तोच जो डेंग्यू पसरवतो. जंगलात माकडंही आहेत. आणि इथल्या लोकांमध्ये त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती शून्य. म्हणजे लाकडं रचलेली आहेत, फक्त काडी पडायची बाकी आहे. विमानप्रवास वाढत होता, त्यामुळे ही भीती काही कल्पनेतली नव्हती. शिमोग्याला निघालेल्या लोकांच्या डोक्यात हेच होतं की आशियातला पहिला पीतज्वर आपल्या हाताला लागणार की काय.

लागला नाही. मग काय लागलं, हे कळलं कसं? इथे थोडं थांबू, कारण हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

1957 मध्ये पीसीआर नव्हतं. जनुकांचा क्रम वाचणं तर दूरची गोष्ट. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसत नाही. मग तो पकडायचा कसा? जिवंत सापळा लावून. नुकत्याच मेलेल्या माकडाच्या अवयवाचा तुकडा, किंवा तापात असलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं आणि ते दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचं. इतकी लहान पिल्लं का? तर त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार झालेली नसते, त्यामुळे विषाणू तिथे बिनधास्त वाढतो. काही दिवसांत पिल्लं आजारी पडली की त्यांचा मेंदू काढून पुढच्या पिल्लांना टोचायचा. असं पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तोच आजार आला तर नमुन्यात काहीतरी संसर्गजन्य आहे हे पक्कं. आणि जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळूनही तो टिकला तर तो विषाणू.

पण कुठला विषाणू? त्याची ओळख पटवायला वापरतात रक्तातला रस, म्हणजे सीरम. एखादा रोग होऊन गेलेल्याच्या सीरममध्ये त्या रोगाच्या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं असतात. नवा विषाणू वेगवेगळ्या ओळखीच्या सीरमशी गाठ घालून बघायचा. पीतज्वराच्या सीरमने अडतो का? नाही. अजून कोणाच्या? असं करत करत उत्तर आलं आणि ते चक्रावणारं होतं. हा विषाणू ज्या कुटुंबात बसत होता, ते कुटुंब होतं रशियातल्या एका मेंदूज्वराचं.

कुठे सैबेरियाची बर्फाळ जंगलं आणि कुठे शिमोग्याचा सुपारीचा पट्टा!

या रशियन रोगाची एक छोटी कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1937 मध्ये सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात लोकांना मेंदूज्वर व्हायला लागला. लेव्ह झिल्बर नावाच्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली मोहीम गेली. काही महिन्यांत त्यांनी दाखवून दिलं की हा विषाणू आहे आणि तो गोचिडीतून येतो. त्यांचे सहकारी मिखाइल चुमाकोव यांना काम करताना स्वतःलाच लागण झाली, ऐकू येणं कमी झालं आणि एक हात अधू झाला. आणि झिल्बरना काय मिळालं? त्याच वर्षी अटक. स्टालिनचा काळ होता तो.

तर पुण्याच्या टीमला धागा मिळाला. विषाणू रशियनच्या नात्यातला, मग वाहकही त्याच नात्यातला असणार. डास नाही, गोचीड. वर्क आणि मंडळींनी नव्या विषाणूला, तो ज्या जंगलातल्या माकडात पहिल्यांदा सापडला त्या जंगलाचं नाव दिलं: क्यासनूर. म्हणून वैद्यकाच्या पुस्तकात या रोगाचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच केएफडी. त्या पहिल्या हंगामात साडेचारशेहून जास्त माणसं आजारी पडली होती.

आता गोचीड शोधायची. गाई-म्हशींच्या अंगावरच्या टपोऱ्या गोचिडी सगळ्यांना माहीत आहेत. पण माणसाला चावणारी ही ती नव्हे. पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड काठीला बांधून जंगलातल्या पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. वाटसरूची वाट बघत पानांच्या टोकाला बसलेल्या गोचिडी त्याला चिकटतात. मग चिमट्याने एकेक वेचायची, जात ओळखायची, गट करायचे आणि प्रत्येक गट वाटून पुन्हा उंदराच्या पिल्लांना टोचायचा. असे हजारो. कंटाळवाणं, घाम काढणारं आणि जीव धोक्यात घालणारं काम. अनेक कर्मचाऱ्यांना जंगलात किंवा प्रयोगशाळेत लागण झाली. आपण शास्त्रज्ञांची नावं घेतो, पण कापड ओढणारे, माकडाचं प्रेत झाडीतून बाहेर काढणारे मदतनीस कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

या वेचण्यातून मुख्य आरोपी हाती लागला: हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. तिचं आयुष्य समजलं की सगळी साथ समजते, म्हणून जरा लक्ष द्या. अंड्यातून अळी येते, अळीची कुमारी अवस्था होते आणि मग प्रौढ गोचीड. प्रत्येक टप्प्यावर ती एकदाच रक्त पिते आणि दर वेळी वेगळ्या प्राण्याचं. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी मोठ्या जनावरांवर, विशेषतः गाई-म्हशींवर असतात. पावसाळा संपताना अळ्या निघतात, त्या उंदीर, चिचुंद्री, खार, माकड यांचं रक्त पितात. त्यातलं कोणी विषाणूबाधित असलं की अळीच्या पोटात विषाणू. पुढे साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत कुमारी गोचिडींचा हंगाम. ही कुमारी तिळाएवढी असते, दिसत नाही, चावलेली कळत नाही. आणि हीच माणसाला चावते. साथ दर वर्षी पावसाळ्यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडावरच का येते, याचं उत्तर मिळालं.

आणि माकडांचं काय? माकडाला हा विषाणू आपल्यासारखाच बाधतो, किंबहुना जास्त. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो, अंगावरच्या शेकडो गोचिडी तो पितात. माकड मेलं की प्रेत थंड पडतं आणि गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणजे जिथे माकड मेलं, ती जागा पुढचे काही आठवडे सापळा. म्हणून आजही जंगलात मेलेलं माकड सापडलं की भोवतालच्या परिसरात औषध फवारतात. गावकऱ्यांचं निरीक्षण बरोबरच होतं, पण माकड हा गुन्हेगार नव्हता. तोही बळीच.

माणूस मात्र या साखळीत बंद गल्ली आहे. विषाणू माणसात आला की तिथेच अडकतो, पुढच्या माणसाकडे जात नाही. कोरोनाचं दोनाचे चार हे गणित इथे लागूच होत नाही. इथे रुग्णांची संख्या ठरते ती जंगलात किती गोचिडी आहेत आणि माणसं तिथे किती वेळा जातात यावर.

मग मोठा प्रश्न उरला. हा विषाणू इथे आला कुठून?

पहिला अंदाज होता पक्षी. हिवाळ्यात सैबेरियाकडून लाखो पक्षी भारतात येतात, अंगावरून गोचिडी आणत असतील का? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला मदत केली आणि सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. पक्षी रशियाहून हा रोग घेऊन आले, असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला जो पाया मिळाला, तो एका तापामुळे, ही गंमत मला फार आवडते. पुढे या संशोधनात अमेरिकन लष्कराचा पैसा आला आणि शीतयुद्धाच्या दिवसांत त्यावरून वादळ उठलं. 1970 च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रकरण गेलं. तो एक स्वतंत्र भाग होईल.

दुसरं उत्तर जास्त साधं आणि जास्त अडचणीचं होतं. जुन्या रक्तनमुन्यांत, तेही थेट सौराष्ट्रातल्या लोकांच्या, या कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे हा विषाणू किंवा त्याचा सख्खा भाऊ भारतात आधीपासूनच असावा. 1995 मध्ये सौदी अरेबियात याचा अगदी जवळचा नातेवाईक सापडला, अलखुर्मा विषाणू. पुढे दोघांचे जनुकक्रम ताडून बघितले तेव्हा दोघे साधारण 700 वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा अंदाज आला. म्हणजे 1957 मध्ये नवीन काय होतं? विषाणू नव्हे. मग?

होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने शिमोग्यात राहून यावर काम केलं. तोही पीतज्वराच्या जंगलातूनच आलेला. 1969 मध्ये त्याने मांडलं की बदललं ते जंगल. वस्ती वाढली, जंगल तोडून शेती आत शिरली. त्याबरोबर गुरं आत चरायला जाऊ लागली. गाईच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण गाय प्रौढ गोचिडीला भरपेट रक्त देते आणि तृप्त गोचीड हजारो अंडी घालते. तोडलेल्या जंगलाच्या कडेला घाणेरीची झुडपं माजली, त्यांत उंदीर-चिचुंद्र्या वाढल्या. लाकूडफाट्याला माणसंही तिथेच. जंगलात गुपचूप चाललेलं एक जुनं चक्र आपण गाईचं रक्त घालून मोठं केलं आणि मग स्वतः त्यात पाय ठेवला.

हे खरं की खोटं याची परीक्षाच जणू 1982-83 मध्ये झाली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगल तोडलं गेलं आणि तिथे केएफडीची मोठी साथ आली. हजाराहून जास्त लोक आजारी पडले. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर लिहिताना केएफडीला ‘विकासाचा आजार’ म्हटलं. देवाचं रान तोडलं म्हणून कोप झाला, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. शास्त्रज्ञाची भाषा वेगळी असेल, पण रान तोडण्याशी रोगाचा संबंध दोघांनीही जोडलाच होता.

काजू म्हटल्यावर सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांचे कान टवकारले असतील. तिकडेच येतोय.

पन्नासेक वर्षं हा रोग कर्नाटकातच राहिला. 2012 मध्ये बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मेलेली माकडं हाताळणारे वनकर्मचारी आजारी पडले. मग निलगिरी, वायनाड. 2015 मध्ये गोव्यात, सत्तरी तालुक्यातलं पाली गाव. आणि 2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातलं केर. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा. रोग पसरला की आधीपासून होता आणि आता सापडू लागला? शास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. मला वाटतं थोडं दोन्ही असावं. त्याच सुमारास एनआयव्हीत पीसीआरची जलद तपासणी आली आणि 2012 मध्ये पुण्यात सर्वोच्च सुरक्षेची, बीएसएल-4 दर्जाची प्रयोगशाळा सुरू झाली. जिथे टॉर्च मारला तिथे दिसणारच.

दोडामार्गातली गोष्ट समजायला कॅलेंडर बघा. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. कुमारी गोचिडींचा हंगामही तोच. काजूची बोंडं झाडावरून खाली पडतात, ती वेचायला बायामाणसं सकाळीच वाकून पाचोळ्यात हात घालतात. त्याच दिवसांत पातेरा गोळा होतो, गोठ्यात अंथरायला. शिमोग्यात तर घराजवळ सुक्या पानांचे ढीग असणाऱ्या लोकांत हा रोग जास्त आढळलाय. आता या बाईला ‘जंगलात जाऊ नका’ असं सांगून काय उपयोग? तिचं वर्षाचं उत्पन्न त्या पाचोळ्यात पडलेलं आहे. आरोग्य विभागाची पत्रकं वाचताना मला नेहमी हेच खटकतं. अंगाला लावायचं तेल द्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे उकळत्या पाण्यात टाका. हे सगळं बरोबर आहे, करायलाच हवं. पण मेच्या उकाड्यात डोंगरउतारावर पूर्ण बाह्या घालून दिवसभर वाकून बघा एकदा.

बरं, लस? इथे कहाणी जरा लाजिरवाणी आहे. सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस अमेरिकेहून आणून शिमोग्यात दिली, भाऊच आहे तर चालेल म्हणून. नाही चालली. पुढे कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूची भारतीय लस आली आणि 1990 पासून कर्नाटकात वापरली गेली. 2005 ते 2010 च्या आकड्यांवरून केलेल्या अभ्यासात दोन डोसचा परिणाम साधारण 62 टक्के दिसला, बूस्टर घेतल्यावर 83 च्या आसपास. पण ती टोचताना खूप दुखायची, दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागायची, लोक दुसऱ्या डोसला येईनात. शेवटी 2022 मध्ये कर्नाटकाने ती देणं थांबवलं. नव्या लसीवर आयसीएमआरचं काम चालू आहे. विषाणू 1957 मध्ये सापडला, हे लक्षात ठेवून हे वाक्य पुन्हा ऐका. हा रोग शंभरातल्या तीन ते पाच जणांचा जीव घेतो, पण ते शंभर जण शहरात राहत नाहीत.

खास औषधही नाही. लवकर दवाखान्यात नेलं, सलाईन आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवलं, तर बहुतेक रुग्ण वाचतात. काहींना ताप उतरून आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग दुसरा झटका येतो, मान आखडणं, हात थरथरणं, भ्रम होणं. म्हणून ‘ताप गेला, चला बागेत’ असं करायचं नाही.

आणि कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. रानात किंवा बागेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, पुरू किंवा जाळूही नका. ग्रामपंचायत, वनखातं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. त्याचा नमुना पुण्याला जातो. तिथे तो पॉझिटिव्ह आला, की त्या गावात तापाचे रुग्ण यायच्या आधीच फवारणीची गाडी पोचू शकते. फोन तर खिशात असतोच.

पुढच्या भागात सालिम अली, पक्ष्यांच्या पायातली कडी आणि संसदेत उठलेलं ते वादळ. भेटूच.